साहाकुल्माचा उंचवटा

मी टेबलाखालचा डबा बोलतोय. टेबलावर बसतो तो पडदा. लोक त्याच्याकडे टक लावून बघतात, मऊ फडक्याने त्याला पुसतात, आणि पाय पसरायचे झाले की माझ्यावर पसरतात. मान त्याचा, घाम माझा. तक्रार नाही. दुकानाची पाटी सगळेच वाचतात, जोत्याच्या दगडाची चौकशी कोण करतो?

कॉम्प्युटर म्हणा, संगणक म्हणा, मला डबा म्हटलेलंच आवडतं. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या केउरू गावात तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ताइस्तोचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. तिथे तीन मेलेल्या यंत्रांमधून मला एक जिवंत केलं गेलं. कणा एका शाळेच्या यंत्राचा, ताकद एका मोडलेल्या संसाराच्या वाटणीत आलेल्या यंत्राची, आणि पत्र्याचं अंग कोणाचं होतं ते ताइस्तोलाही आठवत नव्हतं. पहिल्यांदा माझा पंखा फिरला तेव्हा तो म्हणाला, "चला, कुळाचा पत्ता नाही, पण पोरगं धष्टपुष्ट आहे."

ताइस्तो कुठे शिकला नव्हता. यंत्रं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकला. आणि माणसंही तशीच शिकला. कॉफी पाजल्याशिवाय तो वस्तू विकत नसे. म्हणायचा, कपाकडे बघताना माणूस खरं बोलतो. एकदा एक बाई आल्या, म्हणाल्या, सगळ्यात वेगवान यंत्र द्या. ताइस्तोने कॉफी ओतली. "खेळता काय?" "पत्ते. एकटीच लावत बसते." "मग घोडा कशाला नेता, बाई? बरी खुर्ची न्या." आणि खरोखरच खुर्ची विकली. बाई पुढे कितीतरी गिऱ्हाइकं घेऊन आल्या. मी फळीवर बसून हे सगळं पाहत होतो. दुकानात वाढलेल्याला माणसं ओळखता येतात, मग तो पत्र्याचा का असेना.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर, सौली नावाचा. त्याला तलवारी, किल्ले, जंगलं असलेला एक खेळ फार प्रिय. आता तुम्हाला एक शब्द सांगून ठेवतो, पुढे लागेल. कंपनीने बनवलेल्या खेळात हौशी लोक आपल्या हाताने भर घालतात. कोणी नवा रस्ता, कोणी नवा घोडा, कोणी कंपनीच्या चुकांची दुरुस्ती. त्याला मॉड म्हणतात. विकत आणलेल्या कोटाला घरी शिवलेला खिसा समजा.

सौलीने खिसेच खिसे शिवले. गवताचं पातं न् पातं हलायला लागलं. पाण्यात ढग दिसायला लागले. घोड्याच्या आयाळीचे केस सुटे झाले. व्यवसाय कुठे जातो म्हणा, गावातल्या प्रत्येक भणंगाला त्याने पांढरेशुभ्र दात बसवले. मी तापून लाल व्हायचो. चित्र अडकायचं. मग तो कुठल्या मॉडचं कुठल्या मॉडशी वाकडं आहे ते शोधत बसायचा, आणि तेवढ्यात बायकोची जेवायची हाक यायची. त्याचा शूर वीर अख्खा हिवाळाभर वेशीवरच उभा राहिला. वेस काही त्याने ओलांडली नाही.

मला परत घेताना ताइस्तो हसला, पण सौलीसमोर नाही. मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सजवण्यातच त्याचं सुख होतं. गिऱ्हाइकाच्या सुखाचं माप दुकानदाराने काढू नये.

मग ओना आली. साहाकुल्मा या वस्तीतली, रस्त्यांच्या मोजणीचं काम करणारी, तिशीतली पोरगी. ओल्या टोपीचं पाणी फरशीवर सांडत उभी राहिली. ताइस्तोने वेलदोड्याच्या पावाची बशी पुढे सरकवली.

"कुणासाठी हवंय?"

"बाबांसाठी. गाडी चालवायचा खेळ चालला पाहिजे."

"आहतीसाठी? अगं, त्याच्या कोठारात खरी गाडी आहे की!"

"आहे. ताडपत्रीखाली." ओनाने कपात बघितलं. "काचबिंदू, ताइस्तोकाका. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलं. परवाना त्याने स्वतःच नेऊन दिला. एक शब्द न बोलता. आणि तेव्हापासून बोलतच नाही."

"आहती आधी तरी कुठे बोलायचा?"

"आईशी बोलायचा. गाडीत."

हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. आहती आणि त्याची बायको तुओवी, दोघं मिळून गावोगावच्या जंगलातल्या शर्यतींत उतरायची. तो चालवायचा, ती शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायची. डावं तीन, उजवं पाच, चढ, उडी; आकडा जितका लहान तितकं वळण अवघड. चालकाने रस्ता बघायचा नसतो, आवाज ऐकायचा असतो, अशी ती विद्या. त्यांचा संसार बहुतेक त्या गाडीतच झाला. घरात बोलायची गरजच पडली नाही. आणि आता गाडी बंद म्हटल्यावर घरात बोलायचं काय, हे दोघांनाही येत नव्हतं.

मी त्या घरी गेलो तेव्हा हे पाहिलं. सकाळी तुओवी कॉफी ठेवायची, आहती ती प्यायचा. ती सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायची, तो लाकडं आणून द्यायचा. गावात जायचं झालं की ती घरची साधी गाडी चालवायची आणि तो शेजारी बसायचा, तिच्या जुन्या जागेवर, मांडीवर हात ठेवून. ती परत आल्यावर ओनाला म्हणायची, "पोत्यासारखा बसतो. वळण आलं तर 'जपून' सुद्धा म्हणत नाही. मला मेलीला काही अस्तित्वच नाही."

ओनाने टेबलाला गाडीचं खेळण्यातलं चाक बसवलं, खाली पायाने दाबायच्या पावट्या ठेवल्या आणि शर्यतींचा एक जुना, नावाजलेला खेळ माझ्या पोटात भरला. आहती बसला. मी जीव तोडून धावलो, पण प्रत्येक वळणावर चित्र थबकायचं, मग दोन हात पुढे उडी मारायचं. तिसऱ्या वळणाला आहतीने गाडी लागल्यासारखा तोंडावर रुमाल धरला.

"हा रस्ता नाही," तो म्हणाला. "ही उचकी आहे." आणि उठून बाहेर गेला.

मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. लोकांना वाटतं तांत्रिक सफाई म्हणजे चैन. तसं नाही. जेवण कितीही चांगलं असो, घासागणिक खडा लागला तर माणूस ताट बाजूला सारतो. मग स्वयंपाकाची चव त्याला कळणार कधी?

ताइस्तोला बोलावलं. त्याने मला आडवं करून उघडलं, डॉक्टरच्या घरची धूळ फुंकली, स्मरणाची एक जादा पट्टी बसवली आणि मग खेळाच्या आत शिरला. "झाडांच्या सावल्या काढ," तो ओनाला म्हणाला. "लांबचे डोंगर धूसर कर. बघ्यांची गर्दी घालवून दे. तुझा बाप झाडं बघायला बसत नाही, रस्ता बघायला बसतो." ओनाने एक मॉड शोधून वेगाचा काटा कोपऱ्यातून उचलून मधोमध आणला, कारण आहतीला कोपरे दिसतच नव्हते. चित्र गरीब झालं, पण पाण्यासारखं वाहायला लागलं.

आहती पुन्हा बसला. या वेळी बराच वेळ बसला. हात सुंदर चालत होते त्याचे. पण चेहरा तसाच.

"कसं वाटलं, बाबा?"

"ठीक." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "कोणाचा रस्ता आहे हा?"

"म्हणजे?"

"इथे राहतं कोण? त्या पिवळ्या घरात?"

"कोणी नाही. चित्र आहे ते."

"हं," आहती म्हणाला, आणि कॉफी प्यायला गेला.

तिथेच ओनाच्या डोक्यात आलं. साहाकुल्माचा जुना कच्चा रस्ता सरकारने सरळ करून डांबरी केला होता. जुनी वळणं कापली गेली, लाकडं कापायच्या गिरणीजवळचा तुकडा तर झाडांत गिळला गेला. पण सरकारी मोजणीत त्या जुन्या रस्त्याचे चढउतार जपून ठेवलेले होते, आणि ते ओनाला उघडता येत होते. तिने ठरवलं, तो रस्ता खेळात बांधायचा.

आहती तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला जायचा, तेवढ्यात मायलेकी माझ्यापुढे बसायच्या. तुओवी आठवून सांगायची, ओना बांधायची.

"दुधाच्या बरण्यांचा ओटा या अंगाला. नाही गं, वळणाच्या आधी. तुझा बाप तिथे बरणी उडवून आला होता एकदा."

"आणि टपालपेट्या?"

"चार होत्या. शेवटची वाकडी. ती आम्हीच वाकडी केली."

मी पुष्कळ खेळ चालवले, पण एखादी गोष्ट माझ्या आत इतक्या हळुवारपणे कधी ठेवली गेली नव्हती. तुओवीच्या आवाजात हळूहळू ऊब यायला लागली. वळणं मोजताना तिची बोटं टेबलावर चालायची.

रस्ता तयार झाला. दाखवायच्या आधी ओनाने तो इंटरनेटवरच्या काही जाणत्या खेळाडूंना चालवायला दिला. सगळ्यांची एकच तक्रार: लाकडाच्या गिरणीजवळ गाडी उगाच हवेत उडते आणि झाडावर आपटते. दोष आहे, काढून टाका. ओनाने मोजणी तपासली. खरंच, सपाट रस्त्यावर मधेच एक गाठ. मोजताना यंत्र चुकलं असणार, असं म्हणून तिने ती गाठ इस्त्री फिरवल्यासारखी सपाट केली. शिकलेलं कसबी माणूस होतं ते. रस्ता नीट करणं तिच्या हाडात होतं.

रविवारी दुपारी आहतीला खुर्चीत बसवलं. तुओवी शेजारी स्टूल घेऊन बसली, हात एप्रनमध्ये. पडद्यावर त्यांचं स्वतःचं फाटक आलं. आहतीचा श्वास मला टेबलाखाली ऐकू आला. गाडी सुटली.

आणि तुओवीने तोंड उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. "डावं चार. ओटा. उजवं पाच, लांब." आवाज वेगळाच, कडक, ताशीव. आहती आवाजावर वळत होता. ओना भिंतीला टेकून उभी होती. "पेट्या. डावं तीन, आत घेऊ नकोस. सरळ... उडी!"

आहतीने चाक घट्ट धरलं, पाठ खुर्चीला लावली. गाडी सुळकन पुढे गेली. काही झालं नाही.

त्याने मधोमध गाडी थांबवली.

"उडी कुठे गेली?"

"ती मोजणीतली चूक होती, बाबा. मी सपाट केली."

आहतीने चाकावरून हात काढले. "चूक," तो म्हणाला. "बरं." आणि उठायला लागला. त्या 'बरं'मध्ये असं काही होतं की तुओवीचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस या खुर्चीवर पुन्हा बसत नाही, आणि ही बाई पुन्हा ओरडत नाही.

तुओवीच बोलली. नवऱ्याशी नाही, लेकीशी. "अगं, रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे तिथे. पाणी साचतं, हिवाळ्यात गोठतं आणि जमीन फुगते. दर वसंतात तो उंचवटा वर यायचा. दरसाल पालिकेचे लोक येऊन तासायचे, आणि पुढल्या साली हा आपला हजर. गिरणीवाले त्याला नातेवाईक म्हणायचे."

"मला काय माहीत! मी होते कुठे?"

"मागच्या सीटवर होतीस कितीदा. झोपलेली."

ओनाने त्याच दुपारी गाठ परत बसवली. आहती दाराशी उभा राहून बघत होता, जातही नव्हता, येतही नव्हता. मग येऊन बसला.

"डावं तीन, आत घेऊ नकोस. सरळ... उडी!"

गाडी उडाली. माझी सगळी ताकद त्या एका क्षणाला लागली. चारी चाकं हवेत, आणि मग नाकाडासकट देवदाराच्या झाडात. पडद्यावर काचा फुटल्या.

"बरोब्बर!" आहती ओरडला. "इथेच! ह्याच झाडात!"

"ह्याच झाडात म्हणे," तुओवी कडाडली. "मी 'वेग सोड' म्हणत होते! तेव्हाही म्हणत होते!"

"तू 'सोड' उडीनंतर म्हणतेस. हवेत गाडी असताना काय सोडू? प्राण?"

"आधी म्हटलं! तुला ऐकू येत नाही, मेल्या, तुला नुसतं चालवायचं असतं!"

"मग पुन्हा म्हण. या खेपेला वेळेवर."

"म्हणतेच!"

ओना हळूच स्वयंपाकघरात गेली आणि तिने कॉफी ठेवली. कॉफी निवून गेली तरी त्या घरातलं भांडण काही निवलं नाही. किती दिवसांनी आवाज चढले होते तिथे! मी खूप वेळा विचार करतो: ओबडधोबड झाडं, धुरकट डोंगर, बघ्यांशिवायचा ओसाड रस्ता. पण चित्र कुठे अडकत नव्हतं आणि उंचवटा होता तिथे होता. एवढ्यावर दोन माणसांचं भागलं.

ओनाने तो रस्ता सगळ्यांसाठी खुला केला. कुठून कुठून लोक येऊन गेले. स्वीडनला कारखान्यात गेलेल्या एका म्हाताऱ्याने लिहिलं, ती वाकडी पेटी माझ्या आत्याची, तिच्यावर नाव का नाही? ओनाने नाव घातलं. तक्रारीही येतच राहिल्या: गिरणीजवळ गाडी उडते, दुरुस्त करा. प्रत्येकाला ती एकच उत्तर द्यायची: "दोष नाही. हिवाळा आहे."

ते दिवस चांगले होते. किती हिवाळे तसे गेले ते मला नीट सांगता येत नाही, कारण माझी तारीख सांभाळणारी छोटी बॅटरी संपली आहे. दर वेळी चालू केलं की मला वाटतं आज मी नुकताच जन्मलोय. ताइस्तोने दुकान पुतणीला दिलं; ती आता तिथे लोकर विकते आणि कॉफी फुकट देत नाही.

मागच्या हिवाळ्यात आहती सौनाच्या पायरीवर घसरला. कमरेचं हाड मोडलं. त्याला केउरूतल्या वृद्धांच्या निवासात ठेवलं. मी साहाकुल्मात, पडद्यावर चादर. तुओवी रोज बसने जायची, बर्फात गाडी काढणं तिने आता सोडलं होतं, आणि परत येऊन ओनाशी फोनवर बोलायची. "खिडकीबाहेर बघतो. मी बसते. तो बघतो. पुन्हा तेच पोतं."

"तिथे नवीन यंत्र आहे ना, आई? आणि त्या खेळाची नवी आवृत्ती?"

होतं. मोठ्या खोलीत, नवंकोरं, पातळ, बिनआवाजी. नव्या आवृत्तीत पानापानावरचं दव दिसायचं म्हणे. ओनाने रस्ता त्यात घालून बघितला. तो बसला, पण नव्या गाड्यांची अंगं इतकी मऊ केलेली होती की उंचवट्यावरून त्या पाळण्यासारख्या नुसत्या झुलायच्या. आहतीने एकदा चालवलं. "छान आहे," म्हणाला. "पाहुण्यांच्या खोलीसारखं. कुठे हात लावावासा वाटत नाही." आणि खिडकीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तुओवीने माझ्यावर घोंगडी गुंडाळली, ढकलसरकीच्या, म्हणजे पायाने रेटायच्या घसरगाडीच्या, बैठकीवर मला दोरीने बांधलं, पाय मारत बर्फाच्या कडेकडेने मला बसथांब्यापर्यंत नेलं आणि बसच्या चालकाला बजावलं, "हळू हो. यात आमचा रस्ता आहे."

ओनाने मला आहतीच्या खोलीत जोडलं. पायाने दाबता येत नव्हतं म्हणून पावट्यांचं काम तिने चाकामागच्या दोन पट्ट्यांवर घेतलं. नव्या यंत्राने हे ऐकलं असतं की नाही, माहीत नाही, मी ऐकलं. सौलीच्या घरी कितीतरी उचापती पचवल्यात मी. माझा पंखा खडखडत होता. शेजारच्या खोलीतल्या आजींनी भिंतीवर ठोकलं.

आहती बघत राहिला. फाटक आलं. त्याने चाकावर एक हात ठेवला, मग दुसरा. तुओवीने घसा साफ केला.

"डावं चार," ती म्हणाली. "ओटा."

पहिली काही वळणं त्याने म्हाताऱ्यासारखी घेतली. मग पेट्या आल्या, आणि त्याची पाठ सरळ झाली. मी जीव पणाला लावून चित्र वाहतं ठेवलं. एवढा तापलो होतो की पत्र्यावर पाव भाजता आला असता.

"सरळ... सोड! सोड म्हणते ना! उडी!"

धाडकन देवदार.

"उशिरा म्हणालीस!"

"उशिरा? अरे, जंगलातल्या अस्वलाला ऐकू गेलं असेल!"

"अस्वल चालवत नव्हतं!"

दार उघडलं. तरुण नर्स धावत आली होती, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं. "काय झालं? काही त्रास होतोय का यांना?"

तुओवीने मान सुद्धा वळवली नाही. "होतोय ना. लग्न झाल्यापासून. दार तेवढं ओढून घ्या."

तर मंडळी, आता मी इथे आहे, खाटेच्या पायाशी. पंखा फार दिवस ओढेलसं वाटत नाही. ओनाने रस्त्याची एक प्रत काढून ठेवली आहे, त्यामुळे मला घोर नाही. एकच मागणं आहे. मला कधी उघडलंत तर धूळ खुशाल झाडा, अडकणारं चित्र वाहतं करा, कोपऱ्यातला काटा समोर आणा. तेवढं कारागिराचं कामच आहे. पण कुणाच्या रस्त्यावर गाठ दिसली, तर इस्त्री फिरवायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा.

आता मी गप्प बसतो. ती दोघं पुन्हा फाटकापाशी पोचली आहेत, आणि मला धावायचंय.